हिंज बोरिंग मशीनसोबत चुकीचे बिट पाठवल्याबद्दल व सेवा केंद्राच्या वागणुकीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या सेवा केंद्राशी माझे सातवे बोलणे झाले आणि आता फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे. कपाटाच्या दारांना, म्हणजे शटरना, बिजागरीची भोके पाडणारे आपले तीन स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या तीन दांड्यांचे) हिंज बोरिंग मशीन लातूरला माझ्या कारखान्यात येऊन एकोणीस दिवस झाले, पण त्यावर एकही शटर धड निघालेले नाही.

या मशीनचे तिन्ही स्पिंडल एकाच मोटरवर गियरने फिरतात, त्यामुळे मधला एका दिशेने आणि बाजूचे दोन त्याच्या उलट दिशेने फिरतात, हे आपणांस मी सांगायला नको. मधला ३५ मिमीचा बिट उजव्या फिरकीचा असेल, तर बाजूचे ८ मिमीचे दोन्ही डाव्या फिरकीचे हवेत. आपल्या पेटीत तिन्ही उजव्या फिरकीचे निघाले. फेन्स (शटर टेकवायची आडवी पट्टी) मी स्वतः बिटच्या मध्यापासून २२.५ मिमीवर लावला, १८ मिमी प्लायला खोली १२.५ मिमी ठेवली. कप, म्हणजे मधले मोठे भोक, स्वच्छ पडला, मात्र बाजूचे बिट न कापता नुसते घासत राहिले. मायक्यावर काळे डाग पडले आणि धूर निघाला.

आपल्या माणसाने फेजच्या दोन तारा अदलाबदल करायला सांगितले. तसे केल्यावर तिन्ही स्पिंडल उलटे फिरले, बाजूचे बिट कापू लागले आणि मधला ३५ मिमीचा बिट जळून त्याची धार गेली. तिन्ही बिट एकाच फिरकीचे असताना तारा कशाही जोडल्या तरी दुसरे काय होणार?

हा दोष आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी स्पिंडल हाताने फिरवून दाखवला होता. "मालक, बाजूचे दोन उलटे फिरायलेत, बिट मात्र सगळे एकाच पिळाचे आहेत," असे ते म्हणाले होते. आज हेच मी आपल्या प्रतिनिधीला सांगितले. त्यावर तो म्हणाला, प्लाय ओला असेल. मी पुन्हा बिटची फिरकी सांगितली, तेव्हा त्याने विचारले, "मिस्त्री नवा आहे का?" बावीस वर्षे हेच काम करतात, असे मी म्हणालो. "मराठवाड्यातून असेच फोन येतात. आधी माणूस शिकवून घ्या, मग फोन करा," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता. मिस्त्रींच्या हातात तोच काळवंडलेला बिट होता. त्यांनी तो पुसून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता पुढचे शटर पट्टीने आखायला घेतले. मला मान वर करवली नाही.

आपल्याच कंपनीचे हँड ड्रिल माझ्याकडे चौदा वर्षे चालते आहे; त्या विश्वासावर मी हे मशीन घेतले. आज उदगीरच्या एका घराची ४६ शटर त्याच जुन्या ड्रिलवर चालली आहेत.

डाव्या फिरकीचे ८ मिमीचे दोन बिट आणि ३५ मिमीचा एक नवा बिट आठ दिवसांत विनामूल्य पोहोचवावेत. हे मशीन मी स्वयंरोजगारासाठी घेतले आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मीही ग्राहक आहे. आठ दिवसांत बिट आले नाहीत तर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. आणि बिट आले तरी आपल्या प्रतिनिधीने त्याच नंबरवर फोन करून मिस्त्रींची माफी मागावी. मी फोन स्पीकरवर ठेवीन.

आपला ग्राहक,
लातूर