वाळूच्या टेकड्यांपलीकडचे मरू उद्यान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की राजस्थानच्या सहलींच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रांतून झळकू लागतात. त्यांतला जैसलमेरचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो : दिवसा सोनार किल्ला आणि पटव्यांची हवेली, संध्याकाळी सम येथील वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सफर, रात्री तंबूंच्या वस्तीत नाचगाणे. समच्या अंगालाच ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरू राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे, याचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. गेल्या हिवाळ्यात एका जुन्या मित्राबरोबर मी हे उद्यान दिवसभर पाहिले. सोलापूरकर म्हणून तेथे जे जाणवले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

जैसलमेरहून सम चाळीसेक किलोमीटरवर आहे. उद्यानातील सुदासरी हा भाग त्याच्याही पुढे असून तेथे जाण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. वाळवंट म्हणताच डोळ्यांपुढे येणाऱ्या वाळूच्या टेकड्या या उद्यानाचा काही भागच व्यापतात. बाकी सारा मुलूख सेवण गवताचा, खडकाळ माळांचा आणि मधूनच उभ्या असलेल्या खेजडी, केर (एक काटेरी झुडूप), रुई यांचा आहे. आपल्याकडे दसऱ्याला जिची आठवण होते ती शमी म्हणजेच ही खेजडी, आणि येथे तिच्या शेंगांची भाजी होते. सकाळच्या उन्हात आम्हाला चिंकारे दिसले, गिधाडे दिसली. बऱ्याच प्रतीक्षेनंतर, दुर्बिणीच्या पल्ल्यात जेमतेम येईल इतक्या अंतरावर, गवताच्या वर काढलेली माळढोकाची मानही दिसली.

राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१८ च्या सुमाराच्या अंदाजानुसार देशभरात तो दीडशेच्या आसपास उरला होता आणि त्यांतले बहुसंख्य याच परिसरात होते. मादी सहसा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे मोकाट कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून घरटे वाचवण्याला येथे फार महत्त्व आहे. सुदासरीला वनविभागाने काही क्षेत्रे जाळीचे कुंपण घालून राखली आहेत. कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे गवत यांतला फरक कोणालाही सहज दिसेल.

कुंपण मात्र तारांपासून वाचवू शकत नाही. उद्यानाच्या बाहेर पडताच क्षितिजावर पवनचक्क्या आणि उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे दिसू लागतात. माझ्या मित्राचे आयुष्य वीजवाहिन्यांच्या कामात गेले असल्याने तो गाडी थांबवायला लावून ते बराच वेळ न्याहाळत राहिला. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला समोरचे फारसे दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, हे वाटाड्याने सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, मग खांबापेक्षा तारच वाईट. खांब निदान नजरेत भरतो." तारांवर चमकत्या चकत्या बसवता येतात, कमी दाबाच्या वाहिन्या जमिनीखालून नेणे शक्य आहे, पण मोठ्या पारेषण वाहिन्यांच्या बाबतीत खर्च आणि तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत, असेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. सर्वोच्च न्यायालयापुढेही नेमका हाच पेच आला. एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा व्यापक आदेश झाला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. पवनऊर्जा किंवा सौरऊर्जा नको असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु प्रकल्पांसाठी जागा शोधताना गवताळ माळ आधी आठवतो, कारण सरकारी दप्तरात तो बहुधा 'पडीक' असतो, आणि माझा आक्षेप त्या नोंदीला आहे.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा अनुभव येथे मुद्दाम सांगावासा वाटतो. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात असंख्य गावे, शेते आणि रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. तोवर माळांवर पाणी आले होते, ऊस आला होता, आणि माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. मरू उद्यानातही अनेक गावे आणि ढाण्या (छोट्या वस्त्या) आहेत, आणि रस्ते व वीज यांबाबत तेथील लोकांच्याही तक्रारी आहेत. नकाशावरच्या मोठ्या रेषेपेक्षा लहान, नीट राखलेली कुरणे आणि त्यांच्या भोवतालच्या गुराख्यांशी झालेला समझोता यांचा उपयोग अधिक, असे दोन्ही ठिकाणे पाहून माझे मत झाले आहे. समजवळ कृत्रिम प्रजनन केंद्रात वाढणारी पिल्ले उद्या मोकळी सोडायची झाली, तरी त्यांना असाच माळ लागणार आहे.

महाराष्ट्रातील सहल संस्थांना एक विनंती आहे. जैसलमेरच्या दोन मुक्कामांपैकी अर्धा दिवस सुदासरीला द्यावा, तेथील स्थानिक वाटाड्यांना काम द्यावे, आणि समच्या तंबूंत रात्री उशिरापर्यंत कर्णे लावणाऱ्या, टेकड्यांवर जीपगाड्या उधळणाऱ्या व्यावसायिकांकडे पर्यटक नेऊ नयेत. आपल्या वनविभागानेही नान्नजच्या उरलेल्या माळांभोवती कोणत्या वाहिन्या आहेत आणि त्यांवर चकत्या बसवल्या आहेत काय, याची माहिती जाहीर करावी. माळढोक जवळजवळ दिसत नसला तरी तेथे काळवीट आणि लांडगे आजही आहेत, आणि तारांना धडकू शकणारे अन्य पक्षीही आहेत.

आपला,
एक वाचक, सोलापूर