सिनेमाच्या डीसीपीसाठी निदान आठ दिवस ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मराठी सिनेमांची परीक्षणं येतात त्यात अधूनमधून एखादं वाक्य असतं की संवाद नीट ऐकू येत नाहीत किंवा छायाचित्रण फारच काळोखं झालंय. ते वाचलं की दरवेळी वाटतं, हा दोष खरंच कॅमेरामनचा आहे की शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईने बनवलेल्या डीसीपीचा, म्हणजे थेटरात जाणाऱ्या डिजिटल कॉपीचा? मी पुण्यात सहाय्यक संकलक म्हणून काम करते आणि ही घाई मी अगदी जवळून बघितलीय म्हणून हे पत्र.

पूर्वी रिळांच्या पेट्या एसटीने, रेल्वेने थेटरात जायच्या, आता पेटीच्या जागी डीसीपी जातं म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी एकत्र येऊन 2005 साली त्याचे नियम ठरवले. लोकांना वाटतं ही एकच व्हिडिओ फाइल असते, पण तसं नाही, ते एक फोल्डर असतं ज्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटल वेगळे आणि कुठल्या क्रमाने काय चालवायचं त्याची यादी वेगळी. प्रत्येक फ्रेम जेपीईजी 2000 या प्रकारात असते आणि रंग कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे नाही तर थेटरच्या पडद्यासाठीच्या एक्सवायझेड या रंगपद्धतीत बदललेले असतात, तो बदल करताना एक सेटिंग चुकलं की अंधारातला काळा रंग राखाडी दुधाळ दिसतो किंवा सगळा सीन काळोखात बुडतो, आणि बिचाऱ्या कॅमेरामनला शिव्या बसतात.

आमचंच सांगते. एका छोट्या सिनेमावर आम्ही तीन वर्षं काम केलं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू नये म्हणून कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवून सगळं शूट झालं. थेटरात मात्र सिनेमा साधारण 24 फ्रेमने चालतो. ज्यांनी डीसीपी बनवलं त्यांनी आम्हाला न विचारता चित्र सावकाश केलं आणि त्याबरोबर आवाजही ताणला, त्यामुळे 120 मिनिटांचा सिनेमा 125 मिनिटांचा झाला. ऑफिसमध्ये लॅपटॉपवर पाच मिनिटं बघून आम्ही ओके दिलं, घाई होती ना. पहिल्या शोला आमच्या सिनेमात गायलेलं भजनी मंडळ गावाहून जीप करून आलं होतं. बुवा काळी दोन या पट्टीत गातात, पडद्यावर मात्र त्यांचा सूर उतरून खालच्या पांढरी दोनच्या जवळ आला होता, धड तिथेही नाही. इंटरव्हलला त्यांनी मला विचारलं, पेटी उतरलेली का वाटतीय? मला उत्तर देता आलं नाही. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेलही, पण ज्यांचा आवाज होता त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मला आजही लागतं. आवाजाची पट्टी न बदलता वेग बदलता येतो, सोपं काम आहे, फक्त कुणीतरी पूर्ण सिनेमा आधी थेटरात बसून ऐकायला हवा होता.

आवाजाचं आणखी एक आहे. संवाद, संगीत वगैरे एकत्र जुळवतात त्या मिक्सिंग थेटरमध्ये फेडर (आवाज कमीजास्त करायचं बटण) 7 वर ठेवून मिक्स ठरवतात, आणि पुष्कळ थेटरांत तो साडेचार पाचवर चालवतात कारण जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, प्रेक्षक तक्रार करतात, मग एकदा खाली आणलेला फेडर वर जातच नाही. संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात ते यामुळे. ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कुणी दोन ओळी लिहून दिल्या तर तो नक्की बघतो, माझा अनुभव चांगला आहे.

चावीचा प्रकार तर फारच जीव खातो. डीसीपीला बहुधा कुलूप असतं, ते उघडणारी केडीएम ही फाइल त्या एका थेटरच्या सिनेमा चालवणाऱ्या त्या एका सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या वेळेपुरतीच असते. सर्व्हर बदलला की चावी बाद. त्यात वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार धरली जाते, आपली वेळ साडेपाच तास पुढे, कुणी नजरचुकीने आपलेच दुपारचे 12 तिथे टाकले की इथे चावी संध्याकाळी साडेपाचला लागणार, तोवरचे शो गेले. छोट्या सिनेमाला मुळात दिवसाला एक दोन शो मिळतात, त्यातला एक असा गेला तर काय राहतं?

देवनागरी सबटायटलचीही काळजी घ्यावी लागते, मजकूर म्हणून पाठवले तर काही सर्व्हरवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, म्हणून ते चित्रस्वरूपात किंवा सरळ फ्रेमवर छापूनच द्यावेत. आणि गावाकडच्या बऱ्याच एकपडदा थेटरांत ही डीसीपी चालतच नाही, तिथे सॅटेलाइटवरून येणारी वेगळी फाइल लागते, ती कशी दिसते हे दिग्दर्शकाने कधी पाहिलेलंच नसतं.

निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पोस्टरवर तारीख छापण्याआधी डीसीपीसाठी आठ दिवस आणि थोडे पैसे बाजूला काढा. डीसीपी-ओ-मॅटिकसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर घरच्या घरी चाचणीची कॉपी बनते, मग एखाद्या थेटरवाल्याला सकाळी नऊच्या आधीची वेळ मागा आणि सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटपासून शेवटच्या नावापर्यंत पूर्ण बघा, मध्येच पुढे ढकलू नका.

आणि सरकारलाही सांगणं आहे. मराठी चित्रपटांना अनुदान देता ते चांगलंच आहे, पण ते सिनेमा झाल्यावर मिळतं. गोरेगाव आणि कोल्हापूरच्या चित्रनगरीत आठवड्यातून एक सकाळ, नीट कॅलिब्रेट केलेल्या प्रोजेक्टरवर, नवीन मराठी सिनेमाची डीसीपी तपासायला नाममात्र भाड्यात मिळाली तर कितीतरी जणांचं काम वाचेल. माझ्यासारखे लोक तिथे बसून मदत करायला आनंदाने येतील.

आमच्या पुढच्या सिनेमाचं मिक्सिंग या महिन्यात संपतंय. यावेळी पहिली चाचणी आम्ही त्याच बुवांना बोलावून करणार आहोत, येताना पेटी घेऊन या म्हणून सांगितलंय.

आपली,
एक सहाय्यक संकलक, पुणे