बोली नव्हे, लवादाचा निवाडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेट्रॉइट टायगर्स या अमेरिकन बेसबॉल क्लबचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) टॅरिक स्कूबल याला २०२६च्या मोसमासाठी ३ कोटी २० लाख डॉलर मिळणार, ही बातमी आपल्या क्रीडा पानावर आली. मराठी दैनिकात बेसबॉलला जागा मिळते याचा आनंदच आहे. मात्र बातमीत या रकमेला ‘बोली’ म्हटले होते आणि सोबत आयपीएल लिलावातल्या गोलंदाजांचे आकडे दिले होते. तिथेच वाचकाची दिशाभूल झाली. स्कूबलवर कोणी बोली लावलेली नाही, कारण ती लावायला नियमाने परवानगीच नव्हती. २०२६चा मोसम संपेपर्यंत तो टायगर्सचा बांधील आहे. दुसऱ्या क्लबला त्याच्याशी पगाराची बोलणीसुद्धा करता येत नाहीत. हा आकडा तीन सदस्यांच्या लवादाने ठरवला, आणि उघड्या बाजारात त्याला मिळाले असते त्याहून तो कमी आहे. तुलनेला दोन आकडे पुरेत. फिलाडेल्फियाच्या झॅक व्हीलरचा करार वर्षाला ४ कोटी २० लाखांचा आहे, आणि मॅक्स शेर्झरने २०२१ साली न्यूयॉर्क मेट्सशी केलेला वर्षाला ४ कोटी ३३ लाखांचा होता.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पगाराचे तीन टप्पे असतात. खेळाडू कोणत्या टप्प्यात आहे हे सेवाकाळावरून ठरते, तो खेळतो कसा यावरून नव्हे. मोसम साधारण १८७ दिवसांचा असतो आणि त्यातले १७२ दिवस मुख्य संघाच्या यादीत काढले की एक वर्ष भरते. पहिली तीन वर्षे क्लब देईल तो पगार घ्यायचा. खाली फक्त किमान वेतनाचा आधार असतो, २०२६ साठी तो ७ लाख ८० हजार डॉलर आहे. तीन वर्षे भरली की लवादाकडे जायचा हक्क मिळतो आणि सहा भरली की फ्री एजन्सी, म्हणजे वाटेल त्या क्लबशी करार. दोन ते तीन वर्षांच्या मधल्या खेळाडूंपैकी ज्यांचा सेवाकाळ सर्वांत जास्त आहे अशा २२ टक्क्यांना लवाद एक वर्ष आधीच खुला होतो. त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात. लवादात मागचा पगार हा एक निकष असल्याने वाढीवर वाढ चढत जाते, आणि तिनाऐवजी चार वेळा वाढ मिळालेला पिचर फ्री एजन्सीच्या दारात बराच पुढे पोहोचलेला असतो.

या दिवस मोजण्यात क्लब काटेकोर असतात. नवा पिचर एप्रिलपासून तयार असला तरी त्याला दोन-तीन आठवडे खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये ठेवले की वर्ष भरत नाही आणि क्लबला तो सहाऐवजी जवळपास सात मोसम वापरायला मिळतो. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२च्या सामूहिक करारात यावर एक तोडगा निघाला. ‘रुकी ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्षाचा सेवाकाळ मिळतो. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला तो मिळाला, मे २०२४ मध्ये वर येऊनही. शिवाय लवादाआधीच्या खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी ठेवला गेला. त्यातून २०२५ साठी स्कीन्सला ३४ लाखांवर रक्कम मिळाली, तर त्याचा त्या वर्षीचा पगार होता ८ लाख ७५ हजार. त्याच वर्षी त्याने नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार एकमताने जिंकला.

आता स्कूबलकडेच पाहा. २०२४ साली त्याने अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक विजय (१८), सर्वांत कमी ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी (२.३९), आणि सर्वाधिक स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज (२२८), असा तिहेरी मुकुट मिळवला. त्या मोसमाचा त्याचा पगार २६ लाख ५० हजार डॉलर होता. पुढच्या वर्षी तो १ कोटी १ लाख ५० हजार झाला, आणि ओळीने दुसरा साय यंग त्याने त्या पगारात जिंकला. म्हणजे ३ कोटी २० लाख हा आकडा मागच्या दोन वर्षांच्या स्वस्ताईची उशिरा झालेली, तीही अर्धवट, भरपाई आहे.

लवाद चालतो कसा, हे मुंबईच्या गिरण्यांचे बोनसचे तंटे आठवणाऱ्या वाचकाला चटकन कळेल, पण एक मोठा फरक आहे. आपल्या औद्योगिक न्यायालयाला मालक आणि कामगार यांच्या आकड्यांमधला एखादा आकडा देता येई. इथे ते चालत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजू एकेक आकडा दाखल करतात. स्कूबलने ३ कोटी २० लाख मागितले, क्लबने १ कोटी ९० लाख देऊ केले. लवादाला या दोनांपैकीच एक निवडावा लागतो. त्यामुळे सुनावणीत खरा वाद मध्यबिंदूचा असतो, आणि या प्रकरणात तो २ कोटी ५५ लाख होता. पिचरची किंमत मध्यबिंदूच्या एक डॉलर वर आहे एवढे पटवले की त्याला संपूर्ण मागणी मिळते, आणि एक डॉलर खाली राहिला की क्लबचा आकडा. म्हणून अवाच्या सवा मागणारा हरतो आणि अति कंजूष क्लबही हरतो. टायगर्सचा अंदाज इथे चुकला असे म्हणायला जागा आहे. लवादाच्या टप्प्यातल्या पिचरचा आधीचा उच्चांक १ कोटी ९७ लाख ५० हजारांचा होता, तोही २०१५ सालचा, याच क्लबच्या डेव्हिड प्राइसचा. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या आकड्याच्याही खाली त्यांनी आपला आकडा ठेवला.

शिवाय स्कूबलच्या हातात एक कलम होते. एरवी लवादातल्या खेळाडूची तुलना त्याच्याइतका, किंवा फार तर एक वर्ष जास्त सेवाकाळ असलेल्यांशी होते. पाच वर्षे भरलेल्याला मात्र फ्री एजंटांसकट कोणाशीही तुलना मांडता येते. स्कूबलची पाच वर्षे भरली होती.

सुनावणीत प्रत्येक बाजूला मांडणीसाठी एक तास आणि उत्तरासाठी अर्धा तास मिळतो. निर्णय साधारण दुसऱ्या दिवशी येतो, त्याची कारणे दिली जात नाहीत. सदस्य कामगार कायद्यातले लवाद असतात, बेसबॉलचे जाणकार असतीलच असे नाही. त्यांनी काय पाहायचे हेही बांधून दिलेले आहे. सरलेल्या मोसमातली कामगिरी, कारकीर्दीतले सातत्य, मागचा पगार, तुलनीय खेळाडूंचे पगार, शारीरिक किंवा मानसिक व्यंग, आणि क्लबची अलीकडची कामगिरी, ज्यात प्रेक्षकसंख्याही येते. क्लबची श्रीमंती, वर्तमानपत्रांतली स्तुती, वाटाघाटीत आधी देऊ केलेल्या रकमा आणि इतर खेळांतले पगार यांचा उच्चारही करायचा नाही. स्टॅटकास्टचा डेटा, म्हणजे चेंडू किती फिरला, किती वळला याची मोजणी, तोसुद्धा वर्ज्य आहे. ज्या मोजणीवर क्लब स्वतः आज पिचर निवडतात तीच पगाराच्या वादात चालत नाही, हा मला या पद्धतीतला सर्वांत विचित्र भाग वाटतो. परिणामी विजय, डाव, ईआरए आणि सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखून जिंकवलेले सामने) यांसारखे जुने आकडे लवादात अजून वजन राखून आहेत.

याचा फटका रिलीव्हरला, म्हणजे सामना सुरू असताना बदली म्हणून येणाऱ्या पिचरला, बसतो. नवव्या डावात येऊन सेव्ह मिळवणारा क्लोजर महाग ठरतो, आणि सातव्या-आठव्या डावात सामना वाचवणारा स्वस्त. यँकीजच्या डेलिन बेटान्सेसने २०१७ साली ५० लाख मागितले, क्लबने ३० लाख देऊ केले. क्लबचे म्हणणे असे की तो क्लोजर नाही, मग क्लोजरचा पगार कशाला? लवादाने क्लबचा आकडा निवडला. निकालानंतर क्लबच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर त्याच्या मागणीवर जाहीर टीका केली, ती वेगळीच. २०२० साली मिलवॉकीच्या जॉश हेडरनेही ६४ लाख मागून ४१ लाखांवर समाधान मानले.

सुनावणीचा दुसरा तोटा मनाचा आहे. क्लबचा वकील समोर बसलेल्या पिचरचे दोष तासभर मोजत राहतो, आणि पुढच्या आठवड्यात त्या पिचरने त्याच क्लबच्या सरावाला हजर व्हायचे असते. मिलवॉकीच्या कॉर्बिन बर्न्सचा २०२३चा वाद अवघ्या ७ लाख ४० हजार डॉलरचा होता. त्याने १ कोटी ७ लाख ५० हजार मागितले, क्लबने १ कोटी १० हजार दिले. बर्न्स हरला, संबंध दुखावले गेल्याचे उघड बोलला, आणि वर्षभरात क्लबने त्याला बाल्टिमोरला देऊन टाकले. तरीही आकडे दाखल झाले की बहुतेक क्लब एका वर्षाच्या कराराची बोलणी बंद करतात आणि थेट सुनावणीला जातात, म्हणून बहुतेक तडजोडी आकडे दाखल करायची मुदत संपण्याआधीच होतात. तडजोडीला आणखी एक कारण आहे. चालू करारानुसार तडजोडीने ठरलेला लवादाच्या टप्प्यातला पगार हमीचा असतो. सुनावणीतून आलेला तसा नसतो, आणि मोसमाआधी काढून टाकले तर क्लब ३० किंवा ४५ दिवसांच्या पगारावर सुटू शकतो.

त्याच्याही आधी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एक चाळणी असते. पुढच्या वर्षीचा करार देऊच न केल्यास खेळाडू मोकळा होतो. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेला पिचर इथे हमखास अडकतो, कारण लवादात त्याचा पगार वाढणार आणि तो वर्षभर चेंडू टाकणार नाही. मिलवॉकीने २०२३ साली ब्रँडन वूडरफला असेच सोडले, मग दोन वर्षांच्या १ कोटी ७५ लाखांच्या करारावर परत घेतले. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये त्याला २ कोटी २० लाख २५ हजारांची क्वालिफाइंग ऑफर मिळाली आणि त्याने ती स्वीकारली. जुन्या क्लबने मोकळ्या होणाऱ्या खेळाडूला देऊ केलेली ही ऑफर म्हणजे लीगमधल्या सर्वाधिक १२५ पगारांची सरासरी, एका वर्षासाठी. ती नाकारून गेलेल्या खेळाडूला घेणाऱ्या क्लबला ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या फेरीतली, निवड गमवावी लागते. स्कूबलच्या तोडीच्या पिचरला त्याने फरक पडत नाही, मधल्या फळीतल्याला पडतो. ब्लेक स्नेल तर २०२३चा साय यंग जिंकलेला होता. त्याने ऑफर नाकारली आणि मार्च २०२४ उजाडेपर्यंत बिनकराराचा राहिला. शेवटी सॅन फ्रान्सिस्कोशी दोन वर्षांचा ६ कोटी २० लाखांचा, मध्येच बाहेर पडण्याची मुभा असलेला करार केला. सराव शिबिर बुडाल्याने त्याची सुरुवात वाईट झाली. पुढच्या हिवाळ्यात मात्र डॉजर्सनी त्याला पाच वर्षांचे १८ कोटी २० लाख दिले.

क्लबची बाजूही खरी आहे. वॉशिंग्टनने २०१९ साली स्टीफन स्ट्रासबर्गशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाखांचा करार केला. त्यानंतर तो फक्त आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला. बर्न्सने ॲरिझोनाशी सहा वर्षांचा २१ कोटींचा करार केला आणि पहिल्याच मोसमात, जून २०२५ मध्ये, त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. सहा वर्षांच्या नियमाचा हाच पेच आहे. पिचरचा हात सर्वांत ताजा असतो तेव्हा त्याला बाजार मिळत नाही, आणि बाजार मिळतो तेव्हा हाताची निम्मी उमर खर्ची पडलेली असते. क्लब मग जुन्या कामगिरीचे पैसे नव्या हाताच्या नावाने मोजतात.

आयपीएलशी तुलना म्हणूनच बसत नाही. तिथे पहिल्याच वर्षी विशीतला गोलंदाज लिलावात उतरू शकतो आणि बोलीच त्याचा पगार ठरवते. इथे पगाराचे दिवस, तारखा आणि निकष संघटनेने मालकांशी भांडून मिळवलेले आहेत, आणि त्या भांडणात पुढे पिचरच होते. १९७४ साली लवादापुढे पहिला उभा राहिला तो मिनेसोटाचा पिचर डिक वूडसन. क्लब २३ हजार देत होता, त्याला २९ हजार मिळाले. फ्री एजन्सी आली ती डिसेंबर १९७५ मध्ये, लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांना मोकळे केले तेव्हा. मालकांनी साइट्झ यांना लगेच पदावरून काढले, पण निवाडा टिकला. भारतात मात्र सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची संघटनाच नाही. २०१९ साली झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्तांची आहे.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. अमेरिकन पिचरचा पगार छापताना सोबत त्याचा सेवाकाळ आणि कराराची मुदत द्यावी. मोठा करार असेल तर त्यातली किती रक्कम पुढे ढकललेली आहे हेही द्यावे. डॉजर्सच्या शोहेई ओतानीचे ७० कोटी सर्वत्र गाजले, पण त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळणार आहेत. म्हणूनच लक्झरी कराच्या, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या क्लबवरच्या कराच्या, हिशेबात तो करार वर्षाला ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाखांचा धरला जातो.

आणि एक तारीख नोंदवून ठेवावी. सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. स्कूबल त्याच्या महिनाभर आधी फ्री एजंट झालेला असेल. पगारावर कमाल मर्यादा हवी असे काही मालक बोलू लागले आहेत आणि संघटनेचा तिला ठाम विरोध आहे. नवा करार न होऊन मालकांनी टाळेबंदी केली तर क्लबना कोणाशीही करार करता येणार नाही. म्हणजे त्याच्यावर खरोखरच बोली लागेल ती नोव्हेंबरमधल्या त्या तीन-चार आठवड्यांत, नाहीतर टाळेबंदी उठल्यावर.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी