सूचना : डिसेंबर-जानेवारीचे सण आणि दिवस

सर्व सभासदांना नमस्कार.

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. त्याआधी रॅम्पवर लावलेल्या दुचाक्या कृपया हलवा. परवा व्हीलचेअर अडली आणि आजोबांना दोघांनी उचलून आत न्यावं लागलं. फलकावर शुभेच्छा लिहिण्यापेक्षा हे आधी.

२५ला नाताळ; केक तिसऱ्या मजल्यावरून येतोच! ४ जानेवारीला जागतिक ब्रेल दिन. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९चा. लिफ्टच्या बटणांशेजारी ब्रेल पट्ट्या त्याच दिवशी लावू.

भोगीला सोलापूरच्या संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा (प्रतीकात्मक विवाह). बाराबंदी (पांढरा पारंपरिक पोशाख) घालून नंदीध्वजांसोबत (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांसोबत) जाणाऱ्यांसाठी पाणी पहाटे ५ला सोडू. त्या दिवशी मासिक सभा अर्थातच नाही.

ईद, उगादी, बसव जयंतीच्या तारखा पंचांग आणि चंद्र पाहून कळवू.

– सचिव