ब्लूजमध्ये तीनताल दाखवणाऱ्या माझ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं, ठेका धर" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. कार्यक्रमानंतर लोक विचारतात, जॅझच्या ड्रम्समध्ये तबला कसा आणलात? घाईत मी काहीतरी अर्धवट सांगते. खरं काय घडलं ते आज नीट सांगायचं आहे.

तुमच्याकडे तबला शिकायला आले तेव्हा ड्रम्स वाजवून बरीच वर्षं झाली होती. तबला आणि ड्रम्स दोन्ही वाजवणाऱ्या त्रिलोक गुर्टूंची रेकॉर्डिंग ऐकून वेडी झाले होते. चार कायदे, दोन-तीन चक्रदार अशा तबल्यातल्या बांधीव रचना पाठ करायच्या आणि ड्रम्सवर उतरवायच्या, एवढाच माझा बेत. तसं एकदा केलंही. बँडमधल्या बासवाल्याचा (खर्जातलं तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा) सोलो चालू असताना मध्येच लांबलचक तिहाई घातली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवला. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक आले, पण त्या वेळी तो कुठे होता हे मी पाहिलंच नव्हतं. त्याने तारांवरून हात काढून घेतला आणि उरलेला सोलो सोडून दिला.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा वाटलं, आता चांगलीच कानउघाडणी होणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "तो काय वाजवत होता? मला ऐकव."

गुरुजी, आभार मानायचे आहेत ते या प्रश्नाचे.

मी एक साधा ब्लूज लावला, बारा बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) पुन्हापुन्हा फिरणारी चाल. तुम्ही डोळे मिटलेत. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा करून खाली (टाळी नसलेली मात्रा), तेराव्याला पुन्हा टाळी. मला वाटलं, हे आता कुठेतरी अडणार. अडलं नाही. चाल फिरून पहिल्या बारवर आली तेव्हा तुमचा हातही समेवरच पडला. "अगं, ही तर तीनतालाची तीन आवर्तनं झाली!" म्हणालात, आणि लहान मुलासारखं "पुन्हा लाव" म्हणालात.

बारा बार, बारला चार मात्रा, म्हणजे ४८. तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक फेरी, सोळा मात्रांचं; सोळा त्रिक ४८. इतका सोपा हिशेब मला कधी सुचला नव्हता, कारण बार मी एका वहीत मोजायचे आणि मात्रा दुसऱ्या वहीत. तुम्ही तर त्याच्याही पुढे गेलात. कॉर्डची नावं तुम्हाला ठाऊक नव्हती, पण दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर चाल घर, म्हणजे मूळ कॉर्ड, सोडते आणि तिसऱ्यात सगळ्यांत लांब जाते, हे तुमच्या कानाने पकडलं. तिसऱ्या आवर्तनाची खाली बरोबर अकराव्या बारच्या तोंडाशी येते, जिथून जॅझवाले घराकडे वळतात. तिथून सम धरून नऊ मात्रा. तीन-तीन मात्रांची बेदम (मध्ये न थांबणारी) तिहाई तिथे अशी बसते, जणू कुणीतरी आधीच जागा धरून ठेवली आहे.

मग तुम्ही ठेक्याकडे, म्हणजे तालाच्या मूळ बोलांकडे, वळलात. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत तिं तिं ता ता. डाव्या हाताचा डग्गा गप्प. चौदाव्याला धिं म्हणत तो परत येतो. "तेवढ्या चार मात्रा पाय उचलून धर," म्हणालात. राइड सिंबल नेहमीसारखं झुलत ठेवायचं, हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा) दोनला आणि चारला, फक्त पायाने वाजणारा बास ड्रम नाही. बँडबरोबर पहिल्यांदा असं वाजवलं तेव्हा सॅक्सोफोनवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला तीनताल माहीत नाही. पण पायाखालचं काहीतरी काढून घेतलंय हे त्याला कळलं, त्याने सूर धरून ठेवला, आणि चौदाव्याला माझा पाय पडला तसे आम्ही दोघं एकदमच समेकडे निघालो. तबल्याचा एक बोलही मी वाजवला नव्हता.

'टेक फाइव्ह'चीही आठवण आहे. ब्रुबेक क्वार्टेटची १९५९ची ती पाच मात्रांची चाल. त्यावर मी मोठ्या हौसेने झपताल (दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा, म्हणजे चालीच्या दोन फेऱ्या) लावला आणि तुम्ही लगेच थांबवलंत. "ते तीन-दोन चालताहेत, तू दोन-तीन. मात्रा तेवढ्याच असल्या तरी चाल निराळी." तुम्ही ती रचना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होतात.

स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, लचक नेमकी किती, हेही तुम्ही खोदून खोदून विचारलंत. संथ लयीत ती जास्त असते, लय चढली की सरळ होत जाते. मला ती लिहून दाखवता येईना. "मग तोंडाने म्हण," म्हणालात. तेव्हापासून मी राइडचीही पढंत करते.

त्या बासवाल्याची मी माफी मागितली. त्याच्या सोलोत आता फक्त खाली दाखवते, बाकी त्याच्या मागे राहते. परवाच्या कार्यक्रमात त्याने आपणहून अकराव्या बारला तिहाई उचलली आणि समेवर आला! मीच वाजवायची थांबले होते, ऐकत बसले होते.

रेकॉर्डिंग घेऊन येते आहे. टाळी तुम्हीच धरा.

तुमची,
ड्रम्सवाली शिष्या