गिटार बांधणीच्या संचातील चुकीची मापे, ओले लाकूड आणि सदोष मार्गदर्शिका यांबाबत तक्रार

दिनांक : २१ एप्रिल २०२५
स्थळ : सांगली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरी अकूस्टिक गिटार बांधण्यासाठी आपल्याकडून घेतलेला संच जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत.

संदर्भ : १) माझी दि. २१ जानेवारी २०२५ ची ऑर्डर व सोबत जोडलेली बिलाची प्रत. २) माझा दि. ९ मार्च २०२५ चा ई-मेल. ३) आपले दि. २ एप्रिल २०२५ चे उत्तर.

महोदय / महोदया,

संदर्भ क्र. १ नुसार मी आपल्या संकेतस्थळावरून रुपये १८,७५० भरून गिटार बांधणीचा संपूर्ण संच मागवला आणि तो मला ३ फेब्रुवारी रोजी घरपोच मिळाला. त्यातील दोष मी ९ मार्चच्या ई-मेलमध्ये मापे आणि छायाचित्रांसह कळवले होते. त्यावर चोवीस दिवसांनी, खरे तर तीनच ओळींत, आपण जे उत्तर पाठवलेत त्याचा आशय असा की, लाकूड ही नैसर्गिक वस्तू असल्यामुळे किरकोळ फरक ग्राहकाने गृहीत धरावेत, आणि माल परत करण्याची सात दिवसांची मुदतही उलटून गेली आहे. हे उत्तर मला मान्य नाही. लाकडाच्या निसर्गाविषयी माझी काहीच तक्रार नाही. संचातील नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) लाकडावर एक छोटी गाठ आहे, बाजूच्या फळ्यांचा रंग एकसारखा नाही, आणि या दोन्हींचा उल्लेख मी पहिल्या ई-मेलमध्येही केला नव्हता. माझी तक्रार माणसाने आखलेल्या, कापलेल्या आणि छापलेल्या गोष्टींविषयी आहे.

सर्वात गंभीर दोष फिंगरबोर्डचा, म्हणजे नेकवर बसणाऱ्या, बोटे टेकवण्याच्या पट्टीचा आहे. जाहिरातीत, खोक्यावर आणि सोबतच्या पूर्णाकृती रेखाचित्रावर अशा तिन्ही ठिकाणी तारेची लांबी, म्हणजे स्केल, ६४७.७ मिलिमीटर (साडेपंचवीस इंच) दिलेली आहे. फ्रेटच्या (स्वरांच्या जागी बसणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचा आपण कारखान्यातच पाडून देता आणि संचाच्या किमतीतला मोठा वाटा या अचूक कामाचा आहे, असे आपलीच जाहिरात सांगते. मी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केले असल्याने कोणतीही वस्तू हातात आली की आधी तिला व्हर्नियर लावण्याची सवय मला आहे. परंतु या वेळी मी आपल्या शब्दावर विसंबलो, ही माझी चूक झाली. नेक आणि बॉडी सरस न लावता कोरडीच जुळवून पाहताना, बॉडीच्या कडेवर बरोबर बसायला हवा असा चौदावा फ्रेट त्या कडेच्या सुमारे साडेदहा मिलिमीटर अलीकडेच राहिला. नेकचा सांधा मीच चुकीचा तासला असावा असे समजून मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आणि मग मापे घेतली.

फ्रेटचे गणित पक्के असते. स्केलची लांबी १७.८१७ ने भागली की नटपासून (तारा जिथून सुरू होतात त्या पट्टीपासून) पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते, उरलेली लांबी पुन्हा त्याच संख्येने भागली की पुढच्या फ्रेटचे, आणि असे करत गेल्यावर बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, कारण तिथे तार षड्ज मिळायचा असतो. ६४७.७ च्या स्केलला पहिला फ्रेट ३६.३५ मिलिमीटरवर आणि बारावा ३२३.८५ वर हवा. आपल्या फिंगरबोर्डवर हीच अंतरे अनुक्रमे ३५.३ आणि ३१४.३ भरली. ही मापे पावणेपंचवीस इंची, म्हणजे ६२८.६५ मिलिमीटरच्या स्केलशी तंतोतंत जुळतात. याचा अर्थ खाचा पाडणाऱ्या यंत्राचा काहीही दोष नाही. कोणीतरी दुसऱ्याच नमुन्याच्या गिटारचा फिंगरबोर्ड माझ्या खोक्यात घातला. खोके भरताना मोजपट्टी एकदा लावली असती तर ही चूक तिथेच सापडली असती.

हा फरक किरकोळ कसा नाही, हेही नमूद करतो. मी आपल्या रेखाचित्रावर विश्वास ठेवून ब्रिज (तारांचे दुसरे टोक जिथे टेकते तो भाग) ६४७.७ वर चिकटवला असता, तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे ५० सेंटने, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेटांमधील अंतराच्या निम्म्याने, उतरलेला वाजला असता, आणि ती गिटार कोणत्याही खुंट्या पिळून कधीच सुरात आली नसती. आमच्या शेजारी मिरज आहे आणि तिथल्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे एखादा पडदा बेसूर लागला तर वादक तो बसल्या जागी सरकवून घेतो. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले असल्यामुळे तिथे पाडलेली खाच हाच अखेरचा शब्द असतो.

दुसरा दोष टॉपच्या, म्हणजे गिटारच्या दर्शनी बाजूच्या, फळ्यांचा. सतारीत जे काम तबली करते तेच गिटारमध्ये टॉप करतो आणि वाद्याचा आवाज मुख्यतः तोच ठरवतो. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने हे दाखवण्यासाठी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून, टॉप मात्र उत्तम लाकडाचा घेऊन गिटार बांधली होती, हे या विषयात रस घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या संचात पाठ कशीही आली असती तरी एक वेळ मी सांभाळून घेतले असते, पण टॉपबाबत ते शक्य नाही.

आपले वर्णन असे आहे : सिट्का स्प्रूस लाकूड, क्वार्टर सॉन, एकाच फळीतून चिरून पुस्तकाच्या पानांसारख्या उघडलेल्या दोन जोडफळ्या, जाडी ४ मिलिमीटर, ओलावा ८ टक्के. जाडी बरोबर आहे. क्वार्टर सॉन फळीच्या टोकाकडे पाहिले असता वार्षिक वलयांच्या रेषा पृष्ठभागाशी जवळजवळ काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. एका फळीत त्या तशा आहेत, दुसरीत त्या सुमारे ४५ अंशांनी कललेल्या आहेत. पहिलीत एका सेंटिमीटरमध्ये सात रेषा मोजता येतात तर दुसरीत चार. एकाच लाकडातून चिरलेल्या जोडफळ्यांत असे होऊ शकत नाही, तेव्हा या दोन फळ्या जोडीच्या नाहीत, एवढे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

ओलाव्याबाबत मी अधिक तपशिलाने लिहितो, कारण दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधींनी ‘तुमच्याकडे हवा दमट असेल’ असे उत्तर दिले होते. संच आला तो फेब्रुवारी महिना होता. त्या दिवसांत सांगलीची हवा कोरडी असते आणि दारेखिडक्यांच्या फटीसुद्धा रुंदावतात. पावसाळ्यात हीच दारे चौकटीत अडकतात, पण तो चार महिने दूर होता. पार्सल उघडले त्याच दिवशी ओलावामापकाने दोन्ही फळ्यांत १५ टक्क्यांच्या आसपास ओलावा दाखवला आणि दोन्हींचे एकत्र वजन ४१२ ग्रॅम भरले. त्यानंतर मी त्या आपल्याच मार्गदर्शिकेतील सूचनेप्रमाणे, मध्ये पट्ट्या घालून, खोलीत सावलीला तीन आठवडे ठेवल्या. २४ फेब्रुवारीला वजन ३८८ ग्रॅम झाले होते. २४ ग्रॅम पाणी निघून गेले, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सहा ते सात टक्के. वाद्याच्या लाकडात साधारण सहा ते आठ टक्के ओलावा असताना काम करावे लागते, तेव्हा हे लाकूड वाद्यासाठी नव्हे तर फार तर बागेतल्या बाकासाठी पाठवण्याच्या स्थितीत होते. आमच्या गल्लीतील वयोवृद्ध सुतारांनी फळी हातात घेऊन वाकवली आणि म्हणाले, “ही अजून झाडावरून उतरलेली नाही.”

सुकताना सरळ रेषांची फळी रुंदीत सुमारे २ मिलिमीटर आक्रसली आणि सपाट राहिली. तिरक्या रेषांची सुमारे ३ मिलिमीटर आक्रसली आणि तिला बाक आला. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने आक्रसते, आणि क्वार्टर सॉन फळीला अधिक किंमत मोजण्याचे हे एक मुख्य कारण आहे. मी घाई करून पहिल्याच आठवड्यात या दोन फळ्या मध्यभागी सांधल्या असत्या आणि खाली ब्रेसिंग (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) चिकटवले असते, तर उन्हाळ्यात तो सांधा उकलला असता किंवा टॉप तडकला असता आणि दोष माझ्या हातावर गेला असता.

पाठ आणि बाजू ‘भारतीय रोझवूड’, म्हणजे आपला शिसव, असल्याचे आपण लिहिले आहे. पाठीच्या फळीवर रंध्याचे दोन हात मारताच वरचा तपकिरी रंग निघाला आणि खाली पांढुरके, गंधहीन लाकूड दिसले. (शिसवावर रंधा चालताना येणारा गोडसर वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.) वजन आणि आकारमान यांवरून घनता काढली, ती दर घन सेंटिमीटरला ०.५५ ग्रॅम आली. शिसवाची ती ०.८ च्या आसपास असते. हे लाकूड कोणते आहे याविषयी मी दावा करत नाही, परंतु ते शिसव नाही. शिसव ज्या डालबर्जिया वंशातला आहे त्यातील जवळजवळ सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि परदेशात माल पाठवताना त्यांची कागदपत्रे लागतात. आपण निर्यातही करता, असे संकेतस्थळावर लिहिलेले आहे. मग माझ्या बिलावर लाकडाची जात न लिहिता केवळ ‘लाकडी भाग’ एवढेच का लिहिले, याचा खुलासा करावा.

ट्रस रॉडची (नेक वाकू नये म्हणून आत बसवायच्या धातूच्या कांबेची) खाच ६ मिलिमीटर आणि रॉड ६.४ मिलिमीटर आहे, ही गोष्ट मी पटाशीने निभावून नेली असती. खुंट्या उत्तम आहेत आणि फ्रेटची तारही ठीक आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता मार्गदर्शिकेविषयी. आमच्या भागातल्या वखारीत साग मागितला तर घनफुटाच्या भावाने मिळतो, परंतु वाद्यासाठी चिरलेली चार मिलिमीटरची फळी मागितली तर वखारवाला प्लायवूडकडे बोट दाखवतो. ट्रस रॉड आणि फ्रेटची तार परदेशातून मागवावी तर मालापेक्षा वाहतूक आणि जकात जड होते. आणि हे सारे जमवले तरी प्रत्यक्ष कसे करायचे हे शिकवणारे गुरू जवळपास नाहीत. मिरजेचे कारागीर तून लाकूड आणि भोपळ्याविषयी जे जाणतात ते पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान आहे, पण गिटारचे ब्रेसिंग हा त्यांचा विषय नाही. अशा परिस्थितीत माझ्यासारखा ग्राहक आपल्याकडे फळ्यांसाठी कमी आणि त्या फळ्यांसोबत मिळणाऱ्या माहितीसाठी अधिक पैसे मोजतो. बारा पानांच्या त्या पुस्तिकेत ब्रेसिंग चिकटवताना खोलीतील आर्द्रता किती असावी याचा एक शब्द नाही, ब्रिजची जागा रेखाचित्रावरून मोजावी असे लिहिले आहे पण ती फिंगरबोर्डशी पडताळून पाहावी असे लिहिलेले नाही, आणि पान ९ वरील चित्रफितीच्या दुव्यावर ‘लवकरच’ एवढाच शब्द अडीच महिने दिसतो आहे. १७ मार्च रोजी मी मार्गदर्शनासाठी दूरध्वनी केला तेव्हा मला ‘जवळच्या सुताराला विचारा’ असे सांगण्यात आले. सुतारांचे मत मी वर कळवलेच आहे.

त्याच पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ‘लाकूड किमान तीन आठवडे खोलीत ठेवून मगच कामास सुरुवात करावी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. आपली सूचना पाळणाऱ्या ग्राहकाला सात दिवसांत दोष कळणे शक्यच नसते, म्हणून सात दिवसांची मुदत दाखवून आपण मला अडवू शकत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. माझ्या ९ मार्चच्या ई-मेलला पोच मिळाली नाही आणि महिना ९ एप्रिललाच संपला आहे.

माझी मागणी अशी की, ६४७.७ मिलिमीटर स्केलचा फिंगरबोर्ड, वर्णनाप्रमाणे सुकवलेल्या आणि खऱ्या अर्थाने जोडीच्या टॉपच्या फळ्या, आणि जातीचा उल्लेख असलेल्या बिलासह शिसवाची पाठ व बाजू आपण स्वखर्चाने पाठवाव्यात. ते शक्य नसेल तर संपूर्ण संच माझ्या घरून नेऊन रुपये १८,७५० परत करावेत. पाठीच्या फळीवर रंध्याचे दोन हात मी मारले आहेत आणि नेकचा सांधा तासला आहे, बाकी कशालाही हत्यार किंवा सरस लागलेला नाही. त्याच खेपेतील इतर संच ज्यांच्याकडे गेले असतील त्यांना ब्रिज चिकटवण्यापूर्वी बाराव्या फ्रेटचे अंतर मोजून पाहण्यास आपण आजच कळवावे, कारण त्यांच्यापैकी कोणी तो एव्हाना चिकटवलाही असेल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. मापांचा तक्ता, वजनाच्या नोंदी, दोन्ही फळ्यांच्या टोकांची छायाचित्रे आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या व नवव्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फळ्या पट्ट्या घालून तशाच रचून ठेवल्या आहेत. आपला माणूस न्यायला येईल तेव्हा त्यांचे वजन त्याच्यासमोर पुन्हा करून देईन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक ऑर्डरमध्ये नमूद केल्याप्रमाणे)