ऑफर लेटर हातात येईपर्यंत

प्रिय मित्रा,

मुलाखतीच्या शेवटच्या राउंडपर्यंत नेऊन त्या कंपनीने तुला नाही म्हटलं, हे तुझ्या पत्रात वाचून फार वाईट वाटलं. पहिल्याच फेरीत नकार आला असता, तर तू दोन दिवस नाराज राहून पुन्हा कामाला लागला असतास. इथे मात्र त्यांनी तुला टीममधल्या लोकांशी बोलायला बसवलं, पगाराची अपेक्षा विचारली, कधीपासून रुजू होऊ शकाल तेही विचारलं, आणि मग दोन ओळींचा मेल पाठवला. अशा वेळी कुणाचाही धीर सुटेल. ‘मी इतका का खचलोय’ म्हणून स्वतःवर चिडू नकोस. जे झालंय ते खचण्यासारखंच आहे. ‘होतं ते चांगल्यासाठीच’ असं मी तुला सांगणार नाही, कारण मला ते पटत नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला त्या नकाराहून जास्त लागलं. ‘तिथलं होणारच असं वाटत होतं, म्हणून मधल्या काळात दुसरीकडे अर्जच केले नाहीत.’ आज मुख्यतः त्याबद्दलच लिहायचंय. नकार कसा पचवावा हे आपल्याला जो तो सांगत असतो. आशा कशी सांभाळावी, हे कुणी सांगत नाही. आणि नोकरी शोधताना माणसाचं जास्त नुकसान आशेच्या दिवसांत होतं, असं माझं ठाम मत आहे.

बघ ना, काय होतं. मुलाखत छान रंगते. समोरचा माणूस हसून बोलतो, ‘तुमच्यासारखाच अनुभव हवा होता’ म्हणतो. घरी येईपर्यंत मन तिथे रुजूसुद्धा झालेलं असतं. सकाळी किती वाजता निघावं लागेल, पहिल्या पगारात कुठलं देणं आधी फेडायचं, जुन्या ऑफिसातल्या कुणाला कसं सांगायचं, सगळं ठरतं. मग नोकरीचं पोर्टल उघडावंसं वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा फोन आला तर ‘सध्या एका ठिकाणी बोलणं चालू आहे’ असं सांगून आपणच दार लावून घेतो. त्यात आठवडे जातात. नकार येतो तेव्हा हातात दुसरं काहीच नसतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नेमकी त्या दिवशी करावी लागते ज्या दिवशी अंगात अजिबात त्राण नसतं.

म्हणून माझं एक ऐक. मुलाखत कितीही चांगली झाली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अर्ज जायलाच हवा. पद, पगार आणि रुजू व्हायची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत कुठलंही बोलणं पक्कं धरू नकोस. फोनवर ‘तुमचं नक्की झालंय’ म्हणाले तरी नको. यात कुणाचा विश्वासघात नाही. तेही त्याच वेळी आणखी चारजणांशी बोलत असतात आणि त्यांनी ते करायलाच हवं.

त्यांच्या बाजूला काय काय घडत असतं, याची आपल्याला कल्पना नसते. पद मंजूर होतं आणि मग बजेट अडकतं. ज्या साहेबाने जागा काढली तोच दुसऱ्या विभागात जातो. आतलाच एखादा माणूस त्या जागेसाठी अर्ज करतो. आणि फार वेळा घडणारी गोष्ट म्हणजे, पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते, तो त्याच्या आधीच्या कंपनीशी पगारावरून घासाघीस करत असतो, आणि तोवर दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाला कुणी ‘नाही’ही म्हणत नाही आणि ‘हो’ही म्हणत नाही. बाहेर तो बिचारा मेलबॉक्स उघडून बसलेला असतो. ‘मी त्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं नाही का? पगार जास्त मागितला का?’ त्यांच्या गप्प बसण्याचा असा अर्थ लावत बसण्यातच माणसाची निम्मी शक्ती खर्च होते, आणि तो अर्थ बहुधा चुकीचाच निघतो.

यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडलेली आठवते. मुलाखत संपताना उठायच्या आधी विचारायचं, ‘पुढचा टप्पा काय असेल आणि साधारण कधीपर्यंत कळेल?’ जी तारीख सांगतील ती वहीत लिहून ठेवायची. ती उलटून तीन-चार दिवस गेले की दोन-तीन वाक्यांचा एक साधा मेल. त्यालाही उत्तर आलं नाही तर वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारायची. पुढे त्यांचा फोन आला तर आनंदच आहे, पण आपण वाट बघणं थांबवलेलं असतं. रेघ मारण्यात तसा काही मोठा अर्थ नाही, पण जीव टांगणीला लागलेला असताना आपल्या हाताने काहीतरी मिटवता येतं.

तू लिहिलंस की सुरुवातीला फोन येत होते, आता तेही आटले, म्हणजे माझ्यातच काही खोट असणार. हे मला अजिबात मान्य नाही, आणि फक्त मैत्रीपोटी म्हणत नाही. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे १२,००० काल्पनिक बायोडेटा तयार करून खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवले. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस किती महिने कामाविना आहे, हा तपशील त्यांनी कुठल्याही बायोडेटाला कुठलाही लावून दिला होता. म्हणजे माणसांच्या गुणवत्तेशी त्या महिन्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरीही जितके महिने जास्त, तितकी बोलावणी कमी झाली, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. हे वाचून तुला धास्ती वाटेल, मलाही वाटली होती. पण त्यातून जे निघतं ते नीट बघ. फोन कमी येणं ही वाचणाऱ्याची सवय आहे. त्यावरून तुझी किंमत ठरत नाही. आणि सवयच असेल तर तिला थोडी बगल देता येते. तू त्या ओळखीच्या माणसाचे हिशेब लावून देतोयस ना, ते बायोडेटात का नाही? ते काम आहे. तारखांसकट वर लिही.

बगल देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे माणसं. तुला ओळख काढायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. पण मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले, वरचेवर. निम्म्याहून अधिक जणांचं उत्तर होतं, कधीमधी. आणि जवळजवळ २८ टक्के म्हणाले, क्वचितच. अलीकडे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर असाच अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही जवळच्या मित्रांपेक्षा थोड्याफार ओळखीच्या लोकांकडून नोकऱ्या जास्त मिळाल्याचं दिसलं. कारण सरळ आहे. तुला जे माहीत असतं तेच मला माहीत असतं, आपण दोघं त्याच माणसांत वावरतो. तुझ्या जुन्या ऑफिसातला दुसऱ्या मजल्यावरचा तो शांत माणूस आज अशा ठिकाणी असेल, जिथल्या गोष्टी आपल्यापर्यंत कधी पोचतच नाहीत.

त्याला नोकरी मागू नकोस. ‘कुठे काही असेल तर बघ’ असं लिहिलं की समोरच्याच्या डोक्यावर ओझं पडतं आणि तो उत्तरच टाळतो. असं लिही: ‘नमस्कार, आपण तिथे एकत्र होतो, तुम्ही आता अमुक ठिकाणी आहात असं कळलं. मी पुरवठा आणि खरेदीच्या कामात पुढची संधी शोधतोय. तुमच्याकडे या विभागाचं काम कसं चालतं, हे पंधरा मिनिटं फोनवर विचारायचं होतं. कधी सोयीचं पडेल?’ एवढंच. पंधरा मिनिटं बोलायला बहुतेक माणसं तयार असतात. आणि बोलणं संपताना तूच विचार, ‘यावर आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?’ माझ्या पाहण्यात या एका प्रश्नाने जेवढी दारं उघडली तेवढी शंभर ठिकाणी अर्जाचं बटण दाबून उघडलेली नाहीत.

आता घरचं. आई रोज संध्याकाळी ‘काही कळलं का?’ विचारते आणि तुझा तोल जातो, असं लिहिलंस. ती काळजीने विचारते हे तुलाही माहीत आहे, म्हणून नंतर तूच जास्त हळहळतोस. तिला सांगून टाक की दर रविवारी मी स्वतःहून सगळं सांगेन, मधे विचारू नकोस. आणि मग रविवारी खरंच सांग. नकार आले तेही सांग. घरच्यांना काही कळत नसतं तेव्हा ते वाईटात वाईट कल्पना करत बसतात. वहिनींबरोबर एकदा कागद घेऊन बस, आहे त्या पैशात किती महिने निघतील ते काढ, आणि किती खाली आल्यावर कमी पगाराचं काम घ्यायचं तो आकडा आत्ताच ठरव. मन शांत असताना ठरवलेला आकडा घाबरलेल्या रात्री कामी येतो.

दिवस जात नाही, आणि तरी दिवसभरात काही होतही नाही, असं तू लिहिलंस. ही तुझी आळशी वृत्ती नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल या गावाचा अभ्यास करत होते. तिथली कापडगिरणी बंद पडली होती आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं होतं. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. रस्त्याने जाणारे पुरुष मधेच थांबत, रेंगाळत, त्यांना कुठे पोचायचं नव्हतं. याहोदाने पुढे मांडलं की काम माणसाला पगाराबरोबर दिवसाचं वेळापत्रक देतं, घराबाहेरची माणसं देतं, समाजात एक जागा देतं. नोकरी गेली की हे सगळं एकदम जातं, आणि आपण मात्र फक्त पगार गेला असं समजून चालतो. म्हणून नोकरी लागेपर्यंत यातलं थोडं तरी तुला हाताने उभं करावं लागेल. सकाळचे तीन तास शोधाचे. त्यानंतर लॅपटॉप बंद, म्हणजे बंदच. दुपारनंतर अर्ज करायचे नाहीत, मेल बघायचे नाहीत. आठ-आठ तास पोर्टल खाली-वर करण्याने नोकरी लवकर लागते, असं मला कधी दिसलं नाही. आठवड्यातून एकदा तरी जिथे तुझी कुणीतरी वाट बघत असेल अशा ठिकाणी जा. तू शेजारच्या मुलांना गणित शिकवायचास, ते पुन्हा सुरू कर.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या कंपनीने ज्या पद्धतीने तुला काढलं त्याचा राग अजून तुझ्या पत्रात जागोजागी आहे. तो असणारच. पण मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली?’ विचारतात तेव्हा तोच राग आवाजात उतरतो, शब्द कितीही जपून वापरले तरी. जेम्स पेनेबेकर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या ६३ जणांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींना लागोपाठ पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे जे आहे ते लिहायला सांगितलं होतं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या, आणि विशेष म्हणजे त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले होते असं नाही. तूही लिही. कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, त्या साहेबाला जे तोंडावर म्हणता आलं नाही ते सगळं लिही. नंतर कागद फाडून टाकलास तरी चालेल.

मग त्या प्रश्नाचं उत्तर तयार करू. माझ्या मते ते तीन वाक्यांत बसायला हवं: ‘कंपनीने तो विभाग बंद केला, त्यात माझं पद गेलं. तिथे पुरवठादारांची सगळी यादी मी नव्याने बांधली होती. तसंच काम आणखी मोठ्या पातळीवर करायचंय, म्हणून इथे आलो.’ पुढे थांबायचं. माणूस अवघडला की बोलत राहतो आणि चौथ्या वाक्यात नको ते निघतं. हे आरशासमोर होत नाही, कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं. ते मी करेन.

तर आधी मला बायोडेटा पाठव, वर्डमध्येच पाठव म्हणजे मला त्यात खुणा करता येतील. शिवाय गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांच्याशी तुझं कामापुरतं बोलणं झालं अशा पंधरा-वीस जणांची नावं लिहून ठेव. नातेवाईक नकोत, मित्रही नकोत. शनिवारी सकाळी फोन करतो, यादी समोर घेऊन बसू आणि त्यातल्या पहिल्या तिघांना फोन चालू असतानाच मेसेज टाकू.

वहिनींना नमस्कार सांग, आईला सांग की रविवारचं मी सुचवलंय.

तुझाच,
जुना बाकमित्र